विद्यापीठाची माणसे

विद्यापीठाविषयी बोलताना आपण बहुधा तीन गोष्टी बोलतो : त्याची स्थापना कोणी केली, त्याचे माध्यम कोणते आणि त्याच्या इमारती केवढ्या. हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाच्या बाबतीत तर या तिन्ही गोष्टी इतक्या नजरेत भरणाऱ्या आहेत की, चौथा प्रश्न विचारण्याचे सहसा कोणाला सुचत नाही. तो प्रश्न असा : या विद्यापीठात शिकवायला, शिकायला आणि त्याचा कारभार पाहायला जी माणसे आली, ती त्यापूर्वी काय करीत होती? कोणत्या व्यवसायातून, कोणत्या कचेरीतून, कोणत्या शाळेतून ती आली?

हा प्रश्न केवळ चौकसपणाचा नाही. देशी भाषेत उच्च शिक्षण द्यावे की न द्यावे, हा वाद आपल्याकडे शंभर वर्षे चालू आहे. त्या वादात पुस्तके नाहीत, परिभाषा नाही, नोकऱ्या नाहीत, अशी कारणे पुढे येतात आणि ती खोटी नाहीत. परंतु पुस्तके माणसे लिहितात आणि परिभाषाही माणसेच घडवितात. ती माणसे कोठून मिळवावयाची, याचे उत्तर एकदा हैदराबादने देऊन पाहिले आहे. त्या उत्तरात काय साधले आणि काय फसले, हे मराठीच्या अध्यापकांनी आणि परिषदेच्या सभासदांनी पाहून ठेवणे अगत्याचे आहे, असे आम्हाला वाटते.

प्रथम थोडा इतिहास पाहू. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांचे विद्यापीठाविषयीचे फर्मान १९१७ सालचे. विद्यापीठ १९१८ साली स्थापन झाले आणि १९१९ च्या ऑगस्टमध्ये उस्मानिया कॉलेजचे वर्ग सुरू झाले. शिक्षणाचे माध्यम उर्दू आणि इंग्रजी हा एक आवश्यक विषय, अशी योजना होती. तोपर्यंत हैदराबादचे निजाम कॉलेज मद्रास विद्यापीठाशी जोडलेले होते आणि तेथील अध्यापन इंग्रजीत चाले. नव्या विद्यापीठाने ही वाट सोडली. साहजिकच त्याच्यापुढे एक विलक्षण अडचण उभी राहिली. इंग्रजीतून शिकवणारे प्राध्यापक देशात मिळत होते, पण पदार्थविज्ञान, अर्थशास्त्र, कायदा आणि वैद्यक हे विषय पदवीपर्यंत उर्दूतून शिकवलेला माणूस नव्हताच, कारण तसे शिकवण्याची सोयच पूर्वी नव्हती. तयार प्राध्यापक नव्हते, म्हणून दुसऱ्या व्यवसायांतील माणसे घ्यावी लागली.

विद्यापीठाची कल्पना ज्यांनी सरकारदरबारी मांडली ते अकबर हैदरी मूळचे मुंबईचे आणि व्यवसायाने हिशेबनीस म्हणावेत असे. हिंदुस्थान सरकारच्या वित्तखात्यातून ते निजामाच्या नोकरीत आले होते. पहिले कुलगुरू हबीबुर्रहमान खान शेरवानी हे अलीगढकडील जमीनदार, जुन्या हस्तलिखितांचे जाणते संग्राहक आणि हैदराबादेत धर्मखात्याचे प्रमुख. शिक्षणखात्याचे संचालक सय्यद रॉस मसूद यांचा प्रवास तर आमच्यासारख्यांना विशेष जवळचा वाटावा असा आहे. ऑक्सफर्डला शिकून ते बॅरिस्टर झाले. पाटण्याला काही काळ वकिली केली, मग तेथल्याच एका हायस्कुलाचे मुख्याध्यापक झाले, पुढे कटकच्या रॅव्हेन्शॉ कॉलेजात त्यांनी इतिहास शिकवला आणि १९१६ साली ते हैदराबादेत आले. १९२२ साली ते जपानला जाऊन तेथील शिक्षणव्यवस्था पाहून आले आणि तिच्यावर त्यांनी ग्रंथ लिहिला. स्वभाषेतून आधुनिक विद्या शिकवणारा पूर्वेकडील देश कसा चालतो, हे समक्ष पाहून येण्याची बुद्धी त्यांना झाली. वर्गात उभे राहून शिकवल्याचा अनुभव गाठीशी होता, हेही तिचे एक कारण असावे, असे आम्हाला वाटते.

विद्यापीठाच्या बरोबरीने, किंबहुना त्याच्याही आधी, १९१७ साली भाषांतराचे एक स्वतंत्र खाते निघाले. त्याला दारुल तर्जुमा म्हणत. त्याची धुरा प्रारंभी मौलवी अब्दुल हक यांच्याकडे होती. अब्दुल हक शाळाखात्यातले. हैदराबादेत एका मदरशाचे मुख्याध्यापक, नंतर औरंगाबादेस (आजच्या छत्रपती संभाजीनगरास) शाळा तपासणारे अधिकारी, पुढे तेथील इंटरमीजिएट कॉलेजचे प्राचार्य, असा त्यांचा क्रम आहे. उर्दूच्या अंजुमनचे कार्यालय कित्येक वर्षे मराठी मुलखातील औरंगाबादेत होते, ते त्यांच्यामुळेच. खेड्यापाड्यांतील शाळा पाहत फिरणारा अधिकारी भाषेच्या पायाभूत ग्रंथांचा संपादक झाला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

त्या खात्यात आणि विद्यापीठाच्या भाषाविभागांत आलेल्या इतरांकडे पाहावे. 'उमराव जान अदा' या कादंबरीचे लेखक म्हणून मिर्झा हादी रुसवा सर्वांना ठाऊक आहेत. परंतु त्यांनी रुडकीच्या अभियांत्रिकी कॉलेजातून ओव्हरसियरची परीक्षा दिली होती आणि बलुचिस्तानात रेल्वेच्या कामावर नोकरी केली होती, हे थोड्यांनाच माहीत असते. रसायनशास्त्राचा त्यांना छंद होता. पुढे लखनौला ते शाळेत व कॉलेजात शिकवीत आणि आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी हैदराबादेत भाषांतराच्या कामात घालवली. १९३१ साली ते तेथेच वारले. वहीदुद्दीन सलीम हे सर सय्यद अहमद यांचे लेखनसाहाय्यक आणि पत्रकार होते. ते उस्मानियात उर्दूचे प्राध्यापक झाले आणि पारिभाषिक शब्द कसे बनवावेत यावर त्यांनी एक स्वतंत्र ग्रंथच लिहिला. नज्म तबातबाई यांनी कलकत्त्याला अवधच्या राजपुत्रांना शिकवले होते. त्यांनी निजाम कॉलेजात अध्यापन केले आणि भाषांतर खात्यात मजकुराची भाषा तपासण्याचे काम पाहिले. कवी जोश मलीहाबादीही काही वर्षे या खात्यात नोकरीस होते.

ओव्हरसियर, पत्रकार, राजपुत्रांचा शिक्षक, शाळातपासनीस, कवी : एका कचेरीत जमलेला हा मेळा पाहिला म्हणजे आजच्या नियमांनी यांतले किती जण विद्यापीठाच्या दारातून आत आले असते, असा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही.

ही माणसे काम कशी करीत, ते सांगितले पाहिजे, कारण खरी शिकवण तेथे आहे. परिभाषा ठरवण्यासाठी ज्या समित्या बसत, त्यांत त्या विषयाचा जाणकार आणि भाषेचा जाणकार असे दोघेही असत. विषयाचा जाणकार संकल्पना समजावून सांगे आणि भाषेचा जाणकार तिला शब्द शोधी. एकट्याच्या हातात हे काम दिले की ते बिघडते, असा आपलाही अनुभव आहे. शास्त्रज्ञ एकटा बसला तर तो परका शब्द तसाच ठेवून मोकळा होतो, आणि पंडित एकटा बसला तर तो असा शब्द घडवतो की जो उच्चारताना विद्यार्थ्याची जीभ अडखळावी. दोघांच्या वादातून जो शब्द टिकतो तो पुष्कळदा चांगला असतो. सलीम यांचा आग्रह असा होता की, शब्द बनवताना अरबी-फारसीच्या नियमांना चिकटून न राहता बोलत्या उर्दूची रीत घ्यावी, तिचे प्रत्यय आणि उपसर्ग मोकळेपणाने वापरावेत. आयुष्यभर वर्तमानपत्रासाठी लिहिणाऱ्या माणसाला हे सुचावे यात नवल नाही. वाचकाला न कळणारे वाक्य लिहून पत्रकाराचे चालत नाही. त्याचा जुना व्यवसाय त्याच्या नव्या कामाला असा उपयोगी पडला.

या खात्याने इतिहास, तत्त्वज्ञान, गणित, कायदा, वैद्यक आणि अभियांत्रिकी या विषयांवरचे शेकडो ग्रंथ उर्दूत आणले. त्यांच्या आधारावर विद्यार्थ्यांच्या पिढ्या शिकल्या आणि त्यांच्यातूनच पुढचे अध्यापक निघाले. रजीउद्दीन सिद्दिकी यांचे उदाहरण बोलके आहे. हैदराबादचा हा विद्यार्थी उस्मानियातून पदवी घेऊन केंब्रिजला आणि लाइपझिगला गेला, हायझेनबर्गसारख्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकला आणि १९३१ च्या सुमारास परत येऊन उस्मानियात गणिताचा प्राध्यापक झाला. देशी भाषेतून पदवीपर्यंत शिकलेला विद्यार्थी जगाच्या विद्येत मागे पडतो, या समजुतीला हे एक उदाहरणही पुरेसे उत्तर आहे. वर्ग सुरू झाल्याला तेव्हा फक्त बारा वर्षे झाली होती. दुसऱ्या व्यवसायांतून आलेल्या माणसांनी बारा वर्षांत विद्यापीठाला स्वतःचे प्राध्यापक मिळवून दिले.

येथवरची हकिकत गौरवाची आहे. पण मराठी लेखकाने येथेच थांबणे अप्रामाणिकपणाचे होईल. निजामाच्या राज्यात सुमारे निम्मे लोक तेलुगू बोलत, सुमारे चौथा हिस्सा मराठी बोले, त्याखालोखाल कन्नड भाषकांची संख्या होती आणि उर्दू ज्यांची घरची भाषा होती असे लोक शेकडा दहांच्या आसपास होते. म्हणजे देशी भाषेचे हे विद्यापीठ राज्यातील बहुसंख्य विद्यार्थ्यांच्या दृष्टीने परभाषेचेच होते. परभणीच्या किंवा बीडच्या मुलाला इंग्रजीऐवजी उर्दूचा डोंगर चढावा लागे, एवढाच फरक. मराठी हा विषय विद्यापीठात शिकवला जाई, पण मराठी हे ज्ञानाचे माध्यम नव्हते.

या विद्यार्थ्यांना आधार होता तो खाजगी शाळांचा, आणि त्या शाळा काढणारी माणसेही शिक्षणाच्या धंद्यातली नव्हती. हैदराबादची विवेकवर्धिनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात निघाली. तिच्यामागे उभे राहिलेले केशवराव कोरटकर हे वकील, आणि पुढे उच्च न्यायालयाचे न्यायाधीश. सरकारी विद्यापीठाला पत्रकार आणि ओव्हरसियर यांनी जसे उभे केले, तसे मराठी शाळेला वकिलांनी उभे केले. १९३१ साली मराठी साहित्य संमेलन हैदराबादेत भरले. त्याचे अध्यक्ष डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर हे अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचे डॉक्टर. पण त्यांचे आयुष्यातले थोर काम जो महाराष्ट्रीय ज्ञानकोश, तो कोणत्याही विद्यापीठाच्या आश्रयावाचून झालेला. निजामाच्या खजिन्यातून पगार घेऊन भाषांतर करणारे विद्वान ज्या शहरात होते, त्याच शहरात मराठीचा हा कोशकार अध्यक्षपदावरून बोलला. एका भाषेच्या ज्ञानकार्यामागे राज्य उभे होते, आणि दुसरीच्या मागे वर्गणीदार. हा भेद मनाला लागल्यावाचून राहत नाही. धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ साली, म्हणजे उस्मानियाच्याही आधी, मातृभाषेतून शिकवणारे महिला विद्यापीठ काढले, तेही लोकांच्या देणग्यांवर.

विद्यार्थ्यांच्या मनातील खदखद १९३८ साली बाहेर पडली. औरंगाबादच्या कॉलेजच्या वसतिगृहात विद्यार्थ्यांनी वंदे मातरम् म्हणण्याचा हट्ट धरला. बंदी आली, संप झाला, आणि तो हैदराबादेत व इतर ठिकाणीही पसरला. कित्येक विद्यार्थ्यांना बाहेर पडावे लागले आणि नागपूर विद्यापीठाने त्यांना आपली दारे उघडली. त्यांतलेच एक पी. व्ही. नरसिंह राव. त्यांचे पुढील शिक्षण नागपूर आणि पुणे येथे झाले. हेच तेलुगू गृहस्थ पुढे १९९१ ते १९९६ या काळात भारताचे पंतप्रधान होते आणि हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी त्यांनीच तेलुगूत नेली. त्या सुमारास औरंगाबादेत शिक्षक असलेले गोविंदभाई श्रॉफ यांनी नोकरी सोडून स्वतःला चळवळीत झोकून दिले. विद्यापीठाने बाहेर घालवलेली माणसे दुसऱ्या प्रांतांची आणि दुसऱ्या कार्याची झाली. विद्यापीठाचा हिशेब मांडताना आत आलेल्यांबरोबर बाहेर गेलेलेही मोजले पाहिजेत.

आतल्या माणसांच्या निवडीचाही एक जुना सल होता. उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या विद्वानांना मोठ्या जागा मिळतात आणि मुलकी, म्हणजे राज्यातील रहिवासी, मागे राहतात, ही तक्रार फार दिवसांची. मुलकींना नोकऱ्यांत प्राधान्य देणारे नियम १९१९ साली झाले, तरी तक्रार संपली नाही. १९५२ साली याच प्रश्नावर हैदराबादेत विद्यार्थ्यांचे आंदोलन झाले, गोळीबार झाला आणि माणसे मेली. म्हणून वेगवेगळ्या व्यवसायांतून माणसे घेण्याची जुनी पद्धत सर्वगुणसंपन्न होती, असे आम्ही म्हणत नाही. त्या पद्धतीत गुणी माणूस येई, तसा शिफारशीचा माणूसही येई. स्त्रियांना आणि दलितांना त्या मेळ्यात फारसे स्थान नव्हते, हेही विसरून चालणार नाही.

विद्यापीठाबाहेरचा अनुभव आत आला म्हणजे काय होते, याचे आणखी एक उदाहरण चाळिशीतले आहे. ऑस्ट्रियाचे मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ युद्धाच्या काळात हैदराबाद राज्यात अडकून पडले. त्यांनी तो वेळ वनवासी समाजांत घालवला, सरकारचे सल्लागार म्हणून काम केले आणि १९४५ पासून काही वर्षे उस्मानियात अध्यापन केले. आदिलाबाद जिल्ह्यात मारलवाई येथे १९४३ साली गोंड शिक्षक तयार करण्याचे केंद्र निघाले. गोंडीची पहिली वाचनपुस्तके त्या काळी देवनागरी लिपीत तयार करण्यात आली, कारण त्या मुलखात मराठीचा वावर होता. याच राज्याच्या मुलकी सेवेतील सेतुमाधवराव पगडी यांनी गोंडी आणि कोलामी या भाषांची व्याकरणे लिहिली. पगडी प्राध्यापक नव्हते. दौऱ्यावर भेटणाऱ्या माणसांची भाषा आपल्याला आली पाहिजे, एवढे त्या अधिकाऱ्याला वाटले आणि त्यातून शास्त्रीय ग्रंथ झाले.

१९४८ च्या सप्टेंबरमध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले आणि त्यानंतर उस्मानियाचे माध्यम इंग्रजी झाले. तीस वर्षांच्या श्रमाने घडलेली परिभाषा बघता बघता कपाटात गेली. असे का व्हावे? राज्य गेले हे एक कारण आहेच. पण दुसरे एक कारण आम्हाला दिसते, ते आम्ही आपले मत म्हणून मांडतो. ती परिभाषा वर्गात जन्मली आणि वर्गातच राहिली. तिला कारखान्यात, शेतात आणि बाजारात वाट मिळाली नाही. भाषांतर खात्यात कवी होते, मौलवी होते, पत्रकार होते, रुसवांसारखा एखादा ओव्हरसियरही होता, परंतु हातांनी काम करणारा कारागीर तेथे बोलावला गेला नाही. मराठीतही आपण हीच चूक करीत आलो आहोत. गवंड्याजवळ ओळंबा आहे आणि सुताराजवळ गुण्या आहे. हे शब्द सोपे आहेत, नेमके आहेत आणि पिढ्यान्पिढ्या वापरात आहेत. आपल्या पाठ्यपुस्तकांत मात्र त्यांच्या जागी नवे जोडशब्द येतात, आणि गवंड्याचा मुलगा वर्गात बसून बापाच्या हातातील वस्तूचे नाव नव्याने पाठ करतो.

त्याच वेळी मराठवाड्यात दुसरी एक घडामोड होत होती. १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत कॉलेज काढले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपास आले. नांदेडचे पीपल्स कॉलेजही त्याच सालचे. ही दोन्ही कॉलेजे तेव्हा उस्मानिया विद्यापीठाला जोडलेली होती. बाबासाहेबांना उस्मानियाने १९५३ च्या जानेवारीत सन्माननीय डॉक्टरेट दिली. मिलिंदमुळे विद्यार्थ्यांचा व्यवसायनिहाय चेहराच पालटला. ज्यांच्या घरात पिढ्यान्पिढ्या शेतमजुरी किंवा गावकीची कामे चालत आली होती, त्या घरांतील मुले प्रथमच पदवीच्या वर्गात बसली. मराठवाड्यासाठी स्वतंत्र विद्यापीठ १९५८ साली निघाले. त्याचे पहिले कुलगुरू एस. आर. डोंगरकेरी हे मुंबई विद्यापीठाचे रजिस्ट्रार म्हणून दीर्घकाळ काम केलेले गृहस्थ. नव्या विद्यापीठाला कारभार जाणणारा माणूस आधी लागतो, हे ओळखून ही निवड झाली असावी.

उस्मानियातील मराठीच्या अध्यापनाची आठवण डॉ. ना. गो. नांदापूरकरांशिवाय पुरी होत नाही. मुक्तेश्वर आणि मोरोपंत यांच्या भारतांचा तौलनिक अभ्यास त्यांनी 'मुक्त-मयूरांची भारते' या ग्रंथात केला. त्यांचे भाचे नरहर कुरुंदकर हैदराबादेत शिकायला होते. कुरुंदकरांना इंटरच्या परीक्षेत वारंवार अपयश आले, हे त्यांच्या चाहत्यांना ठाऊक आहे. १९५५ साली ते नांदेडच्या प्रतिभा निकेतन हायस्कुलात शिक्षक झाले आणि शाळेतील शिक्षक असतानाच त्यांचे समीक्षालेखन महाराष्ट्रात वाचले जाऊ लागले. पुढे ते पीपल्स कॉलेजात अध्यापक व नंतर प्राचार्य झाले. परीक्षेने ज्याला नाकारले त्याला शाळेने सांभाळले आणि शाळेतून तो कॉलेजाला मिळाला. शाळा आणि कॉलेज यांच्यामधली ही पायवाट त्या काळी चालती होती.

आज ती जवळजवळ बुजली आहे. १९८९ पासून अध्यापकपदासाठी राष्ट्रीय पात्रता परीक्षा सुरू झाली, नंतर संशोधनपर पदव्यांचे महत्त्व वाढले, नेमणुकांना गुणांची कोष्टके आली. यामागचा हेतू चांगला होता आणि पुष्कळ अंशी तो सफलही झाला. शिफारशीचे माप कमी झाले. ज्यांच्या मागे कोणी उभे नव्हते त्यांना परीक्षेच्या बळावर जागा मिळाली. पण कोष्टकाला वर्तमानपत्रातील वीस वर्षे मोजता येत नाहीत, शाळेतील तीस वर्षे तर मुळीच मोजता येत नाहीत. परिणाम असा झाला की, विद्यार्थी, संशोधक, अध्यापक अशी एकच सरळ रेषा उरली, आणि त्या रेषेबाहेरचे जग ज्याने पाहिलेलेच नाही असा माणूस त्या जगासाठी विद्यार्थी तयार करू लागला.

विद्यार्थ्यांच्या बाजूने मात्र हैदराबादनेच पुन्हा एक दार उघडले. १९८२ साली येथे आंध्र प्रदेश मुक्त विद्यापीठ निघाले. मुक्त पद्धतीचे हे देशातील पहिले विद्यापीठ. त्याचे पहिले कुलगुरू जी. राम रेड्डी हे त्यापूर्वी उस्मानियाचे कुलगुरू होते. पुढे १९८५ साली इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची घडी बसवण्याचे कामही त्यांच्याकडे आले. हैदराबादच्या या विद्यापीठाला १९९१ साली डॉ. आंबेडकरांचे नाव देण्यात आले. ज्याने शाळेचे शिक्षण रीतसर पुरे केलेले नाही, अशा प्रौढालाही प्रवेशपरीक्षा देऊन येथे पदवीकडे वळता आले. दिवसा नोकरी करणारे, घरसंसार सांभाळणाऱ्या, शाळा मध्येच सोडलेले, असे लोक विद्यार्थी झाले. १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ निघाले आणि त्याने मराठीतून अभ्याससाहित्य तयार केले. व्यवसायातून आलेला विद्यार्थी विद्यापीठाने मान्य केला. मग व्यवसायातून आलेला अध्यापक का मान्य होऊ नये?

या प्रश्नाचे उत्तर देण्याची सुरुवात झाली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली व्यवसायातील अनुभवी व्यक्तींना ठरावीक मुदतीसाठी प्राध्यापक म्हणून घेण्याची सोय केली. पंधरा वर्षांचा अनुभव लागतो, पदवीची अट सक्तीची नाही, आणि अशा जागा मंजूर पदांच्या शेकडा दहांपलीकडे जाऊ नयेत, असे तिचे स्वरूप आहे. ही सोय उद्योग आणि तंत्रविद्या यांच्यापुरतीच नाही. साहित्य, कला, कायदा, पत्रकारिता, समाजकार्य यांतील माणसेही तिच्यात बसतात. मराठी विभागांनी तिच्याकडे गंभीरपणे पाहावे, अशी आमची विनंती आहे. मुद्रितशोधनात आयुष्य घालवलेला माणूस शुद्धलेखन शिकवील. न्यायालयातील भाषांतरकार मराठीच्या कायदेशीर वाक्यरचनेवर बोलेल. आणि तीस वर्षे दहावीच्या वर्गाला व्याकरण शिकवणारा शिक्षक एम.ए.च्या विद्यार्थ्यांना सांगेल की, ते व्याकरण मुलांच्या डोक्यात नेमके कोठे अडते.

दुसऱ्यांना उपदेश करण्यापूर्वी आमची चूकही कबूल केली पाहिजे. शिक्षकांच्या मुलाखतींच्या वेळी आम्हीही उमेदवारांच्या पदव्या आणि टक्केवारी पाहिली. याआधी काय काम केले, हे विचारले ते केवळ उपचार म्हणून. एकदा छापखान्यात खिळे जुळवण्याचे काम केलेला एक उमेदवार आला होता. त्याची टक्केवारी कमी होती, म्हणून आम्ही दुसऱ्याला घेतले. जोडाक्षर कसे घडते हे त्याच्या बोटांना ठाऊक होते, आणि आमच्या मुलांना जोडाक्षरेच येत नव्हती. हा विचार मनात आला तेव्हा पुष्कळ वर्षे उलटून गेली होती.

२०२४ साली मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्यामुळे संशोधनाला साहाय्य मिळेल आणि जुने ग्रंथ प्रकाशात येतील, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु भाषा ज्ञानाची व्हावयाची तर तिला जुन्या ग्रंथांइतकीच नव्या माणसांची गरज असते, आणि ती माणसे ग्रंथालयाइतकीच कचेरीत, शेतात, छापखान्यात आणि शाळेत सापडतात. उस्मानियाने पहिल्या पिढीत अशी माणसे शोधली, म्हणून अशक्य वाटणारे काम उभे राहिले. राज्यातील बहुसंख्यांच्या भाषांना त्याने तोच मान दिला नाही, कारागिराला आत बोलावले नाही, म्हणून ते काम राज्याबरोबर मावळले. या दोन्ही गोष्टी एकत्र लक्षात ठेवल्या तरच त्या प्रयोगापासून आपण काही शिकलो असे होईल.

शेवटी एका माणसाचे स्मरण करून हा लेख पुरा करतो. व्यंकटेश भवानराव खेडगीकर नावाचा तरुण कामगार पुढारी ना. म. जोशी यांच्या हाताखाली काम करून मराठवाड्यात आला, हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत मुख्याध्यापक झाला, आणि नंतर अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयात त्याने तेच काम केले. मध्यंतरी त्याने संन्यास घेतला आणि १९३८ साली शाळा सोडून तो लढ्यात उतरला. विद्यापीठाच्या कोणत्याही अध्यासनावर तो कधी बसला नाही. १९९४ साली नांदेडला जे विद्यापीठ निघाले, त्याला या मुख्याध्यापकाचे नाव आहे : स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ. विद्यापीठाच्या कमानीवर शाळामास्तराचे नाव लागू शकते. मग त्याच्या वर्गात आज एखाद्या शाळामास्तराला शिकवता येईल का, एवढाच प्रश्न आम्ही या पानांवर ठेवतो. त्याचे उत्तर नियमपुस्तकांत शोधण्याआधी ते विद्यापीठांच्या मराठी विभागांनी आणि आपल्या परिषदेने एकत्र बसून द्यावे, अशी आमची इच्छा आहे.